माकान काकी

प्रिय काकी,

सा. न. गुडघा कसा आहे आता? सिंगापूरचं काहीतरी कळवत जा म्हणालीस ना, मग आज तुझ्याच नावाचं सांगते. परवा ऑफिसातल्या मैत्रिणीने (चिनी आहे, जन्म इथलाच) नवीन मुलीला माझी ओळख करून दिली, "ही माझी माकान काकी", आणि मला एकदम तूच आठवलीस गं, डोळे भरून आले. मलयमध्ये माकान म्हणजे खाणं आणि काकी म्हणजे पाय! पण सिंग्लिशमध्ये, म्हणजे इथल्या बोलीभाषेतल्या इंग्रजीत, काकी म्हणजे आपल्या टोळक्यातलं माणूस, त्यामुळे माकान काकी म्हणजे जिच्यासोबत रोज जेवायला जायचं ती.

इंग्रजी घरोघरी पोचायच्या आधी इथे चिनी, तमिळ, मलय सगळे एकमेकांशी बाजारातली मलयच बोलायचे, तिला पासार मलय म्हणतात, पासार म्हणजे आपला बाजारच. तेच शब्द मग सिंग्लिशमध्ये राहिले. मला सगळ्यात आवडतो तो केना. मूळ अर्थ लागणं, पण वापरतात वाईट काही वाट्याला आलं की. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखाली खाण्याचे खूप स्टॉल असतात तिथे, जेवल्यावर ट्रे स्वतः उचलून ठेवावा लागतो, 2021 पासून तसा नियमच आहे, मी एकदा तशीच निघाले तर शेजारच्या टेबलावरच्या आजीबाई काळजीने म्हणाल्या, "गर्ल आह, लेटर केना फाइन!" म्हणजे अगं, नंतर दंड बसेल! आपल्याकडे ओरडा बसतो, फटका बसतो, दंड बसतो, अगदी तसाच हा केना, इंग्रजीत एवढ्या एका शब्दात सांगताच येत नाही हे.

आणि शिक्क्याला इथे चॉप म्हणतात. तो आपला छाप, हिंदीतून मलयमध्ये गेलेला आणि तिथून इंग्रजीत, म्हणजे कंपनीच्या कागदावर रोज आपल्याच शब्दाचा ठसा उमटतो बघ.

अजून एक, अगाक-अगाक. अंदाजाने. त्याच मैत्रिणीच्या आजीला मी करीचं प्रमाण विचारलं तर हात हलवून म्हणाल्या, "अगाक-अगाक लाह", मसाला मुठीत घेतला, एकदा वास घेतला आणि टाकला पातेल्यात. सोलकढीत आगळ किती विचारलं की तू "घाल गं अंदाजाने" म्हणायचीस तो सूर जसाच्या तसा, भाषा तेवढी वेगळी.

डिसेंबरात येतेय. मसाला करशील तेव्हा माझ्यासाठी एक बरणी बाजूला ठेव, आणि काकांना चालायला जाऊ दे रोज.

तुझीच,
छकुली