लघवीची पट्टी आणि लिटरभर पाणी

महोदय,

एकतीस वर्षं लॅबच्या खिडकीमागे काढून मी निवृत्त झाले. गेल्या महिन्यात भाचीला घेऊन पुण्यातल्या एका रुग्णालयात गेले आणि तशाच एका खिडकीपुढे उभी राहिले, या वेळी बाहेरच्या बाजूने. भाचीला आठवा महिना. बीपी १४४/९२, पावलं इतकी सुजलेली की चपलेत अंगठा जाईना. सोनोग्राफीचा नंबर होता म्हणून तिने लिटरभर पाणी पिऊन ठेवलेलं, तेवढ्यात कोणीतरी हातात डबी दिली. लघवी पाण्यासारखी. गरोदरपणात बीपी चढलं आणि लघवीत प्रोटीन जाऊ लागलं की प्रीएक्लॅम्प्सिया या धोकादायक आजाराची शंका घेतात, म्हणून प्रोटीनची पट्टी बुडवली. उत्तर 'निल'. 'प्रोटीन नाही, पंधरा दिवसांनी या.'

पट्टीची चूक नाही. समोरच्या लघवीत प्रोटीन किती दाट आहे, एवढंच ती सांगते; पाण्याने लघवी पातळ झाली की प्रोटीन असूनही दिसत नाही. उलटही घडतं. सकाळपासून पाण्याचा घोट न घेतलेल्या किंवा अंगावरून पांढरं जाणाऱ्या बाईला 'एक प्लस' (थोडं प्रोटीन) येतो आणि घरचे हवालदिल होतात. आमच्या वेळी टेस्ट ट्यूबचा वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचो. गढूळ झालं की ॲसिटिक ॲसिडचे दोन-तीन थेंब टाकायचे. निवळलं तर फॉस्फेट, म्हणजे साधे क्षार; तसंच राहिलं तर अल्ब्युमिन, म्हणजे प्रोटीन. वेळखाऊ काम, पण त्या निमित्ताने नमुन्याकडे नीट बघितलं तरी जायचं.

दुसऱ्या दिवशी मी हट्टाने सकाळच्या मधल्या धारेचा नमुना देऊन प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो करून घेतला. ०.४१ आला, ०.३ पासून पुढे धोक्याचं धरतात. क्रिएटिनिन हा लघवीतून रोज साधारण सारखाच जाणारा टाकाऊ पदार्थ; पाण्याने प्रोटीन पातळ होतं तसं क्रिएटिनिनही होतं, म्हणून रेशो फारसा हलत नाही. चोवीस तासांची लघवी साठवून ३०० मिलिग्रॅम भरतं का पाहणं ही जुनी रीत आहेच, पण नोकरीवाली बाई तो कॅन पीएमपीच्या बसमध्ये घेऊन कुठे फिरणार? एक वेळची लघवी संडासात गेली की हिशेब चुकलाच.

आणि प्रोटीन नसलं म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया नाही, असंही नाही. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्येच निदानासाठी प्रोटीनची सक्ती काढली. बीपी चढलेलं, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, बरगडीखाली दुखतंय, अशा बाईला 'निल' बघून घरी धाडायचं नसतं.

पालिकेच्या प्रसूतिगृहांना आणि दर महिन्याच्या ९ तारखेच्या सुरक्षित मातृत्व तपासणीला माझी विनंती आहे: सोनोग्राफीचं पाणी पाजण्याआधी नमुना घ्या, आणि बीपी १४०/९० च्या वर असेल तर पट्टीवर न थांबता रेशो पाठवा.

भाची सध्या ॲडमिट आहे, रात्री मी तिच्याजवळ असते. परवा त्या खिडकीत पुन्हा गेले तर पट्ट्यांची बाटली उघडीच होती, बाहेर पावसाची झड. दमट हवेत पट्ट्या खराब होतात. मी हात घालून झाकण लावलं. आतल्या मुलाने बघितलं, बोलला काही नाही.

– एक निवृत्त लॅब टेक्निशियन, पर्वती, पुणे