मामा, मॉर्टिफिकेशन समजावून सांगितल्याबद्दल जाहीर थँक्यू

मामा, जय ख्रिस्त.

तुम्ही म्हणालात नाव टाकू नकोस, म्हणून टाकत नाहीये. पण आभार मात्र चारचौघांतच मानणार, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर थँक्यू लिहिलं की तुम्ही एक अंगठा पाठवता आणि विषय संपतो. परवा आमचं लिसनिंग सेशन झालं, ठाण्यात मित्राच्या हॉलमध्ये, खिडक्या लावून (शेजारच्या आजी नऊला झोपतात), विषय ख्रिश्चन डेथ मेटल (डेथ मेटल म्हणजे गुरगुरत्या आवाजातलं, जड नि फास्ट मेटल), त्यातही मेलबर्नचा मॉर्टिफिकेशन हा बँड, आणि बोलणारा मी. जे बोललो त्यातलं निम्म्याहून जास्त तुमचं होतं, आणि हे मी तिथेही सांगितलं.

विषय जाहीर केला तेव्हा ग्रुपवर नुसते हसायचे इमोजी. साहजिक आहे हो, डेथ मेटल म्हटलं की पोरांना डीसाइड बँडचा गायक ग्लेन बेंटन आठवतो, कपाळावर उलटा क्रूस डागून घेतलेला, त्यात येशूचं नाव घेणारे कुठून आले असं वाटणारच. मी जे शोधत होतो तेही सगळं याच सुरातलं, बघा बघा काय गंमत टाइप. तुम्हाला मेसेज केला तर तुमचा उलटा प्रश्न आला, लाइटफोर्स ऐकलंस का? नाही म्हटलं. मग आधी ते ऐक, स्क्रोल्सला (मॉर्टिफिकेशनचा गाजलेला अल्बम) नंतर हात लाव. बास. मेलबर्न आपल्यापेक्षा साडेचार-साडेपाच तास पुढे, तुमच्याकडे झोपायची वेळ झालेली, तरी त्या रात्री तुम्ही एकामागून एक व्हॉइस नोट टाकत बसलात, मागून मामींचा आवाज येतोय की आता पुरे.

आणि खरंच, लाइटफोर्सपासून सुरू केलं की सगळी गंमतच निघून जाते (चांगल्या अर्थानं). मेलबर्नचा सरळसाधा हेवी मेटल बँड, ऐंशीच्या दशकातला, स्टीव्ह रो तिथे बेस वाजवायचा. तो बँड विस्कटला आणि १९९० मध्ये रोनं त्यातूनच मॉर्टिफिकेशन उभा केला. म्हणजे चर्चमधल्या कुणीतरी मीटिंग घेऊन ठरवलं की चला आता डेथ मेटलवाल्या पोरांना धरू, असं काही झालेलं नाही. मेटल वाजवणारा, श्रद्धा असलेला माणूस, आणि तेव्हा मेटल दरवर्षी आणखी जड, आणखी फास्ट होत चाललेलं, त्याबरोबर हाही गेला. हे तुमचं वाक्य मी जसंच्या तसं वापरलं, रॉयल्टी मागू नका.

मग १९९१ चा पहिला अल्बम, बँडच्याच नावाचा, अमेरिकेतल्या इन्टेन्स रेकॉर्ड्सवर, आणि १९९२ ला स्क्रोल्स ऑफ द मेगिलॉथ. तिघंच जण, रो बेस आणि आवाज, मायकल कार्लाइल गिटार, जेसन शरलॉक ड्रम्स. तुम्ही म्हणालात पहिल्यांदा ऐकताना आवाजाकडे लक्ष देऊ नकोस, फक्त शरलॉकचे पाय ऐक. हीच ट्रिक मी सेशनला केली. दिवे घालवले, टर्मिनेट डॅम्नेशन लावलं, म्हटलं फक्त डबल बेस (दोन्ही पायांनी वाजवायचा मोठा ड्रम) ऐका, शब्द सोडून द्या, तसेही कळणार नाहीत. गाणं संपल्यावर इमोजीवाल्यांपैकी एक जण म्हणाला, परत लाव. मामा, तुम्ही तिथे हवे होतात.

तुम्ही बुकलेटचे फोटो पाठवलेत त्याचं वेगळं थँक्यू. एकेक पान, खिडकीपाशी धरून काढलेलं, कोपऱ्यात तुमचा अंगठा. सेकंडहँड सीडी, केसचं बिजागर तुटलेलं, त्यावर चिकटपट्टी, ती पण पिवळी पडलेली. आणि गाण्यांच्या शेजारी तुम्ही पेन्सिलनं मराठीत बारीक अक्षरात लिहिलेलं, प्रकटीकरण, स्तोत्र अमुक, यशया तमुक. मेलबर्नमध्ये बसून डेथ मेटलच्या बुकलेटवर मराठी शास्त्रवचनं लिहिणारा दुसरा माणूस जगात असेल असं मला वाटत नाही. मी विचारलं हे असलं घरी चालायचं का, तर तुम्ही म्हणालात, आम्ही नगरचे, आमच्याकडे ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात नि कीर्तनात बसवला, तेव्हाही नाकं मुरडणारे असतीलच, मग यांनी ब्लास्ट बीटमध्ये (ड्रम्सचा तो तुफान वेगाचा ठेका) बसवला तर बिघडलं कुठे. हे सांगितलं तेव्हा हॉलमध्ये एकदम शांतता, मग सगळे एकदम बोलायला लागले आणि अर्धा तास त्याच्यातच गेला.

दुकानांची गोष्ट पण मला तुमच्यामुळेच नीट कळली. असले अल्बम अमेरिकेत ख्रिश्चन पुस्तकांच्या दुकानात ठेवलेले असायचे, तिथे मेटलवाली पोरं कशाला जातील, आणि मेटलच्या दुकानात ख्रिश्चन म्हटल्यावर कोण हात लावणार? म्हणून जर्मनीच्या न्यूक्लिअर ब्लास्ट या मेटल लेबलनं यांना घेतलं हे महत्त्वाचं, त्यामुळे हे बाकीच्या डेथ मेटल बँडांच्या रांगेत शेजारी शेजारी जाऊन बसले. मला वाटतं स्क्रोल्सचं नाव आज घेतलं जातं त्यात याचा मोठा वाटा आहे. नुसतं ख्रिश्चन लेबलवर राहिले असते तर आपण आज बोलत असतो का, शंकाच आहे.

सगळ्यात जास्त हशा होर्डला, म्हणजे शरलॉकच्या एकट्याच्या प्रोजेक्टला. शरलॉक १९९३ मध्ये बाहेर पडला आणि पुढच्या वर्षी यानं एकट्यानं अख्खा ब्लॅक मेटल (सैतानी, ख्रिस्तविरोधी म्हणून ओळखलं जाणारं मेटल) अल्बम केला, हेलिग उस्वार्ट, तोही निनावी, त्यात एका गाण्याचं नाव इन्व्हर्ट द इन्व्हर्टेड क्रॉस. उलटा क्रूस परत उलटा करा! चिडणारे इतके चिडले की हा कोण आहे ते सांगा म्हणून लेबलला धमक्या गेल्या.

रोच्या आजारपणाचा भाग मात्र मी तुमच्यासारखा सांगू शकलो नाही. १९९६ मध्ये एनव्हिजन इव्हँजलीन हा अल्बम आला, त्यात १८ मिनिटांच्या आसपासचं एक गाणं, आणि त्याच सुमारास रोला ल्युकेमिया. मरता मरता वाचला माणूस. १९९८ चा ट्रायम्फ ऑफ मर्सी त्यानंतरचा. तुम्ही तेव्हा दाखवलंत की स्क्रोल्सवर १९९२ लाच एक गाणं आहे, लिम्फोसार्कोमा, कॅन्सरचंच नाव. यात काही संकेत-बिंकेत शोधू नकोस, असंही लगेच म्हणालात. तुमचं हेच मला आवडतं. दुसरा कुणी असता तर चमत्काराची गोष्ट रंगवून सांगितली असती.

त्याचबरोबर न आवडणारंही झाकलं नाहीत. ब्लडवर्ल्डपासून, म्हणजे १९९४ पासून, रो ग्रूव्ह नि थ्रॅश या मेटलच्या दुसऱ्या प्रकारांकडे वळला, मग साध्या हेवी मेटलकडे, लाइनअप सतत बदलत राहिला, कायम तो एकटाच, आणि नंतरचे काही अल्बम तुमच्या मते नुसतेच आहेत. (मला हॅमर ऑफ गॉड आवडतो, यावर आपलं भांडण बाकी आहे.) व्हेन्जन्स रायझिंगचंही तुम्हीच आपणहून सांगितलंत. १९८८ ला ह्यूमन सॅक्रिफाइस काढणारा बँड, मॉर्टिफिकेशनच्या आधीचा, आणि त्यांचा गायक रॉजर मार्टिनेझ पुढे धर्म सोडून उलट त्याच्याविरुद्धच बोलायला लागला. मी तर श्रद्धा-बिद्धावाला नाही, तुम्ही रविवार न चुकवणारे, तुम्हाला हे गाळता आलं असतं आणि मला पत्ताही लागला नसता. उलट म्हणालात, हे घाल, नाहीतर इतिहास कसला. इतक्या महिन्यांत एकदाही चर्चला ये म्हणाला नाहीत, आणि माझ्या नास्तिकपणावरून एकदाही टोमणा नाही. ऑनलाइन मेटलवाले आणि ऑनलाइन धार्मिक दोघांचाही अनुभव घेतलेला असल्यामुळे मला याची किंमत कळते.

तर मामा, थँक्यू. मामींना पण, रात्री त्यांची झोपमोड केल्याबद्दल सॉरीसकट. तुमचा भाचा डिसेंबरात तिकडे येतोय, त्याच्याबरोबर चितळ्यांची बाकरवडी आणि नव्या सीडी केसेस पाठवतोय, ती चिकटपट्टी आता काढा.

आणि हो, पोरांनी पुढच्या वेळेसाठी पॅरामेशियम हा बँड मागितलाय. शरलॉक तिथेही ड्रम्सवर, मेलबर्नचाच बँड, १९९३ चा एक्झ्यूम्ड ऑफ द अर्थ, सगळं डूम मेटल, म्हणजे संथ आणि लांबच लांब, आजींच्या नऊच्या आत कसं बसवायचं माहीत नाही. तुमच्याकडे सीडी असेल तर बुकलेटचे फोटो काढायला घ्या, शनिवारी फोन करतो.

तुमचा,
ठाण्याचा भाचा नंबर दोन