नवख्याला रांगेच्या शेवटी ठेवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या रविवारच्या पुरवणीत ताम्हिणी, वरंधा, माळशेज या घाटांची छायाचित्रं येऊ लागतात. ती पाहून पुण्या-मुंबईतले मोटरसायकलवाल्यांचे ग्रुप पुढच्या रविवारचे बेत आखतात. मीही त्यांतलाच एक. वय ५४, आणि मोटरसायकल चालवायला लागून तीस वर्षं होऊन गेली. गेल्या सप्टेंबरात माझ्या पुढारपणाखाली निघालेल्या एका राइडमध्ये एक तरुण मुलगा जबर जखमी झाला. तो का पडला हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. आता कळलं आहे, आणि ते तुमच्या वाचकांपर्यंत पोचावं म्हणून हे पत्र.

पुण्याहून दिवेआगरला आम्ही अकरा जण निघालो होतो. तिघे लडाखला जाऊन आलेले, चार-पाच जण दर महिन्याला कुठे ना कुठे जाणारे, आणि बाकीचे नवे. त्या नव्यांत माझ्या कार्यालयातल्या सहकाऱ्याचा मुलगा होता. वय २७. कॉलेजपासून स्कूटर चालवलेली, आणि तीन महिन्यांपूर्वी ३५० सीसीची नवी गाडी घेतलेली. चांदणी चौकात सगळे जमलो तेव्हा मी क्रम ठरवला. मी सर्वांत पुढे, माझ्यामागे अनुभवी, आणि नवे शेवटी. "तुम्ही आरामात या, घाई नाही," असं मी त्यांना सांगितलं. ही काळजीच आहे असं मला मनापासून वाटत होतं.

मुळशीचा जलाशय मागे पडला आणि पाऊस सुरू झाला. ताम्हिणीचा उतार लागला. आम्ही पुढचे सहा-सात जण सवयीने वळणं घेत खाली उतरलो, विळ्याजवळ चहाला थांबलो, आणि तब्बल वीस मिनिटांनी एकाने विचारलं, "मागचे कुठे राहिले?" घाटात मोबाइलला रेंज नव्हती. आम्ही उलटे फिरलो. तोवर एका टेम्पोवाल्याने आणि पलीकडच्या वाडीतल्या माणसांनी त्या मुलाला उचलून टेम्पोत घातलं होतं. तो टेम्पो आम्हाला वाटेतच भेटला. गळ्याचं हाड आणि उजवं मनगट मोडलं होतं. माणगावला पोचेपर्यंत मी त्याच्या शेजारी बसून होतो. तो सारखी माफी मागत होता, आणि मग म्हणाला, "काका, तुम्ही दिसेनासे झालात म्हणून मी जरा पळवली."

या एका वाक्यावर मी नंतर कित्येक रात्री विचार केला. "आरामात या" म्हणणं सोपं असतं. पण शेवटच्या माणसाला आरामात येताच येत नाही. अकरा गाड्यांची रांग ही आगगाडी नसते, डबे एकमेकांना जोडलेले नसतात. पहिली गाडी वळणातून बाहेर पडली की चाळिसाची साठावर जाते. त्या क्षणी पाचवी गाडी अजून वळणातच चाळिसावर असते. अंतर वाढतं. ते भरून काढायला पाचवा पासष्टावर जातो, आठवा सत्तरावर, आणि दहावा त्याहून पुढे. पुढे कुणी ब्रेक लावला की तोच दहावा सर्वांत जोरात ब्रेक दाबतो. म्हणजे ज्याला सर्वांत कमी येतं तो सर्वांत वेगात चालवत असतो आणि सर्वांत कचकन थांबत असतो. शिवाय त्याची नजर रस्त्यावर नसते, ती वळणाआड गडप होणाऱ्या पुढच्या लाल दिव्यावर असते. गाडीचा नियम साधा आहे, जिकडे नजर तिकडे गाडी.

त्या मुलाचं डावं वळण होतं. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे डाव्या वळणावर वेग जास्त झाला की गाडी बाहेर, म्हणजे थेट समोरून येणाऱ्याच्या बाजूला जाते. समोरून तो टेम्पो आला. मुलाने टेम्पोकडेच पाहिलं, घाबरून पुढचा ब्रेक आवळला, आणि ओल्या पानांवरून गाडी घसरली. टेम्पोवाला सावध होता म्हणून आज तो मुलगा आहे. त्याच्या पुढे चालवणाऱ्याने आरशात पाहिलं नव्हतं. त्याच्या मागे जो एकटा असायला हवा होता तो धबधब्याचा फोटो काढायला थांबला होता. आणि मी तर आरशात फक्त माझ्या मागचे दोन अनुभवी पाहत होतो.

सह्याद्रीत ट्रेकिंग करणाऱ्या जुन्या मंडळांना ही गोष्ट पूर्वीपासून ठाऊक आहे. तिथे एक जाणता पुढे असतो, एक जाणता शेवटी असतो, आणि दमलेल्याला पुढच्याच्या पाठीशी ठेवतात. मी स्वतः अशा ट्रेकना गेलो आहे. गाडीवर बसल्यावर ते मला का आठवलं नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

आता आमच्या ग्रुपमध्ये नवखा दुसऱ्या क्रमांकावर असतो, पुढारी माणसाच्या लगेच मागे. त्याने पुढाऱ्याला गाठायचं नसतं. पुढाऱ्याने आरशात बघून आपला वेग त्याच्याइतका ठेवायचा असतो. नवखे दोन असतील तर दुसरा आणि तिसरा. रांग आपोआप त्यांच्या वेगाने चालते आणि मागे कुणालाच पळवावी लागत नाही. सर्वांत शेवटी सर्वांत शांत डोक्याचा अनुभवी माणूस, त्याच्याकडे प्रथमोपचाराची पेटी आणि पंक्चरचं सामान. तो कुणालाही ओलांडत नाही, आणि फोटोसाठीही थांबत नाही.

दुसरी गोष्ट आरशाची. प्रत्येकाने आपल्या मागच्या एकाची जबाबदारी घ्यायची. मागचा दिसेना झाला की वेग कमी करायचा, तरी आला नाही तर सुरक्षित जागा बघून थांबायचं. तुम्ही थांबलात की तुमच्या पुढच्याला तुम्ही दिसेनासे होता, म्हणून तोही थांबतो, आणि असं करत दोन-चार मिनिटांत निरोप पहिल्या गाडीपर्यंत पोचतो. याला फोन लागत नाही, रेंज लागत नाही. फाट्यावरही हेच: मागच्याने तुम्हाला वळताना पाहिल्याशिवाय फाटा सोडायचा नाही. त्या दिवशी एवढं एक पाळलं असतं तर वीस मिनिटं वाया गेली नसती.

ओव्हरटेकबद्दल मला जरा जास्त लिहायचं आहे, कारण इथे अनुभवी माणसंच घात करतात. पुढचा मोटरसायकलवाला ट्रक ओलांडतो आणि हाताने मागच्याला "ये" म्हणून खूण करतो. हे आपण सगळे करतो, आणि त्यात मदतीची भावना असते. पण मोकळा रस्ता त्याच्यासाठी होता, त्याच्या वेळेला होता. मागचा निघेपर्यंत तीन-चार सेकंद गेलेले असतात, आणि ताशी साठ किलोमीटरने समोरून येणारी एसटी तीन सेकंदांत पन्नास मीटर जवळ येते. नवख्याला वाटतं, दादाने बोलावलं म्हणजे रस्ता मोकळा असणार. म्हणून आम्ही ती खूण कायमची बंद केली आहे. प्रत्येकाने आपला रस्ता आपल्या डोळ्यांनी पाहायचा, दिसत नसेल तर ट्रकच्या मागे राहायचं, आणि पुढच्यांनी वाट बघायची. ट्रक ओलांडल्याबरोबर पुढच्याने वेग कमी करायचा नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. तो तिथेच रेंगाळला तर मागून येणाऱ्याला डावीकडे शिरायला जागा उरत नाही आणि तो उजव्या बाजूला अडकतो.

अंतराचं म्हणाल तर रुंद सरळ रस्त्यावर तिरकी रांग चालते, एक उजवीकडे, पुढचा डावीकडे. घाटात मात्र एकामागे एक, आणि मध्ये किमान तीन सेकंद. पुढच्याने मैलाचा दगड ओलांडला की "एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन" म्हणायचं. त्याआधी तुम्ही दगडापाशी पोचलात तर फार जवळ आहात. पावसात याहून जास्त हवं. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या मोटरसायकलींना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं, पण ग्रुपमध्ये त्याआधीच्या गाड्या असतात, आणि काही गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकाला असतं. पुढचा ज्या अंतरात थांबला त्याच अंतरात तुम्ही थांबाल, हे गृहीत धरू नये. उतारावर क्लच दाबून किंवा न्यूट्रलवर गाडी सोडणाऱ्यांना तर मी आता तिथल्या तिथे थांबवतो. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर इंजिनच गाडीला धरून ठेवतं.

आठच्या वर गाड्या झाल्या की आम्ही दोन तुकड्या करतो, मध्ये पंधरा मिनिटांचं अंतर. आणि नव्या माणसाची पहिली राइड कोकणात होत नाही. पानशेतला नाश्ता करून परत, एवढीच.

हेल्मेटबद्दल कायदा स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार चालवणारा आणि मागे बसणारा, दोघांनाही ते बंधनकारक आहे. तरीही अनेक राइडमध्ये चालवणाऱ्याच्या डोक्यावर पूर्ण चेहऱ्याचं महागडं हेल्मेट आणि मागे बसलेल्या पत्नीच्या डोक्यावर अर्धी टोपी असते. हे पाहून मला राग येतो.

एक मागणी सरकारकडेही आहे. आपल्याकडे गिअरच्या मोटरसायकलचा परवाना एकदा मिळाला की शंभर सीसीपासून साडेसहाशे सीसीपर्यंत आणि त्याहूनही मोठी कोणतीही गाडी चालवता येते. युरोपात ए-वन, ए-टू आणि ए अशा पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर १२५ सीसी आणि ११ किलोवॉटपर्यंतच्या ताकदीची गाडी, दुसरीवर ३५ किलोवॉटपर्यंतची, आणि त्यानंतर मर्यादा नाही. आपल्याकडे स्कूटरवरून उठलेला मुलगा एका दुपारी शोरूममधून सुमारे १९५ किलोची गाडी घेऊन बाहेर पडतो आणि पुढच्या रविवारी घाटात असतो. अशा पायऱ्या इथेही याव्यात. पण त्या येईपर्यंत त्या मुलाला कुणाच्या मागे आणि कुणाच्या पुढे ठेवायचं, हे ठरवणारे आपणच आहोत. पैसे घेऊन राइड आयोजित करणाऱ्यांनी निदान निघण्यापूर्वी प्रत्येकाला विचारावं: गाडी कधी घेतली, घाट कधी उतरलात, पावसात चालवली आहे का? पाच मिनिटं लागतात. व्हॉट्सॲपवर "पुण्याहून दिवेआगर इतक्या तासांत" असे आकडे टाकणंही थांबवावं. नवा मुलगा ते आकडे वाचतो आणि मनात धरून निघतो.

मागे पडणाऱ्याला "काय राव, झोपलात का" म्हणण्याची आपली सवय आहे. बोलणारा गमतीने बोलतो. ऐकणारा ते पुढच्या वळणावर घेऊन जातो. मी तसं बोललेलो आहे, त्या दिवशी सकाळी पौडला नाश्त्याच्या वेळीच, त्याच मुलाला.

त्याचं मनगट आता बरं झालं आहे. अजून पूर्ण वळत नाही, पण पुढचा ब्रेक नीट दाबता येतो. त्याच्या आईने मला एकदाही दोष दिला नाही. येत्या रविवारी तो आमच्याबरोबर पानशेतला येणार आहे. मी पुढे असेन आणि तो माझ्या लगेच मागे.

जूनचा पहिला जोरदार पाऊस पडला की पहिल्याच सुट्टीला ताम्हिणीत शेकडो गाड्या जातील. शक्य झाल्यास हे पत्र त्याआधी छापावं, आणि पुरवणीत घाटांची छायाचित्रं येतील त्याच पानावर यातल्या चार ओळी घेता आल्या तर फार बरं होईल.

आपला,
एक नियमित वाचक
कोथरूड, पुणे