माटुंग्याच्या मामींना, एका झिजलेल्या बाहुलीबद्दल

आदरणीय मामी,

शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या दसऱ्यानंतर तुम्ही माटुंग्याचे घर आवरून लेकीकडे कोइमतूरला राहायला गेलात. त्या दिवशी खाली टॅक्सीपाशी मला तुमचे आभार मानायचे होते आणि ते राहून गेले. जाताना तुम्ही जुन्या वेष्टीत, म्हणजे तमिळ धोतरात, गुंडाळलेले एक बोचके माझ्या हातात ठेवलेत, "सांभाळ" एवढेच म्हणालात, आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. ते राहिलेले बोलणे आज लिहून काढते आहे. बाहुल्या जमवणाऱ्या इतरांनीही हे पत्र वाचावे अशी माझी इच्छा आहे, कारण तुम्ही मला जे दाखवलेत ते मला एकटीपाशी ठेवावेसे वाटत नाही.

मी तुमच्या शेजारी राहायला आले तेव्हा माझ्या कपाटात एकाच प्रकारच्या बाहुल्या होत्या. चन्नपट्टणच्या, कातीव, लाखेच्या रंगाच्या. बंगळुरूहून म्हैसूरला जाताना वाटेत लागणाऱ्या त्या गावात मी एका कातारी कारागिराचे काम तासभर उभी राहून पाहिले होते, आणि तेव्हापासून हा नाद लागला होता. तिथे ज्याला आले मर म्हणतात तो आपला काळा कुडा. त्याचे पांढरे, नितळ लाकूड लेथवर गरगर फिरत असते, हत्याराची धार लागली की त्यातून डोके, मान, घेरदार परकर असे आकार एकामागून एक निघत जातात, मग त्या फिरत्या लाकडाला लाखेची रंगीत कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेनेच लाख वितळून लाकडावर पसरते, आणि शेवटी केवड्याचे पाते दाबून धरले की रंगावर ओल्या दगडासारखी चमक येते. बाहुलीला हात नसतात, पाय नसतात. चेहरा म्हणजे दोन ठिपके आणि एक रेघ. तरीही ती बाहुली आहे हे तान्ह्या मुलालाही कळते, याचे मला फार अप्रूप होते.

त्या एका प्रकारानेच मला पुढच्या प्रकारांकडे नेले. आंध्रात वराहा नदीकाठी एटिकोप्पाका नावाचे गाव आहे. तिथे हेच लाकूड अंकुडु या नावाने ओळखले जाते, लाखही तीच, पण तिथल्या बाहुल्यांचे वनस्पतींपासून काढलेले रंग जरा दबलेले, मातकट असतात. चन्नपट्टणची झगमग डोळ्यांत भरलेली नसती, तर तो दबलेपणा मला कळलाच नसता. पुढे मामेभावाने जपानहून एक कोकेशी आणून दिली. ईशान्य जपानमधल्या, तोहोकूच्या गरम पाण्याच्या कुंडांच्या गावांत या बाहुल्या घडत आल्या आहेत, आणि त्यांनाही हात नाहीत, पाय नाहीत! नारुको गावच्या कोकेशीचे डोके फिरवले की ती बारीक किरकिरते, आणि त्सुचियूच्या कोकेशीच्या अंगावरच्या रेघा ती लेथवर फिरत असतानाच ब्रश टेकवून काढलेल्या असतात. ते वाचल्यावर चन्नपट्टणच्या कारागिराची लाखेची कांडी माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. त्यानंतर रशियाची मात्र्योश्का, म्हणजे एकात एक बसणाऱ्या बाहुल्यांचा संच, आली. 1890 च्या दशकात झ्व्योज्दोच्किन या कारागिराने ती लेथवर घडवली आणि माल्यूतिन या चित्रकाराने ती रंगवली. पहिल्या संचात आठ बाहुल्या होत्या. लिंडनच्या लाकडातून आधी सर्वांत आतली, भरीव बाहुली कातायची आणि मग तिच्या मापाने बाहेरच्या करत जायचे, हे कळल्यावर मी तो संच किती वेळा उघडला आणि मिटला असेन याला गणती नाही.

मामी, हे सगळे मी तुम्हाला कौतुकाने सांगत असे आणि तुम्ही ते शांतपणे ऐकून घेत असा. पण त्या ओढीने माझ्या डोळ्यांना झापडेही लावली होती. लेथवर फिरलेली असेल तरच बाहुली, अशी माझी जणू अट होती. कोरीव लाकडाची, मातीची, चिंध्यांची बाहुली मी बाजूला सारत असे, आणि ती नजरेची बारकाई आहे असे समजत असे. तुमच्याकडच्या गोलूला, म्हणजे नवरात्रात पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्यांच्या आराशीला, मी पहिली दोन वर्षे आले, हळदीकुंकू घेतले, हरभऱ्याचे सुंडल खाल्ले, "किती सुंदर" म्हणाले आणि सात पायऱ्यांवरच्या त्या बाहुल्यांपैकी एकही खऱ्या अर्थाने न पाहता घरी परतले.

तिसऱ्या वर्षी, सर्वपित्री अमावास्येच्या दुपारी, माळ्यावरची लोखंडी पेटी उतरवायला तुम्ही मला हाक मारलीत. पायऱ्या रचून, त्यांवर पांढरी वेष्टी अंथरून झाली होती. पेटी उघडल्यावर तुम्ही सर्वांत आधी एक लहानसे गाठोडे सोडलेत आणि त्यातली जोडी माझ्या तळहातावर ठेवलीत. राजा आणि राणी, वीतभर उंचीचे, काळपट तांबड्या लाकडाचे, अंगावर एक धागाही नाही. तुमच्या आईने तुमच्या लग्नात दिलेली मरप्पाची, म्हणजे लाकडी बाहुल्यांची जोडी. हिच्याशिवाय गोलू मांडायचा नसतो, म्हणून पहिल्या पायरीवर पहिला मान हिचा, असे तुम्ही सांगितलेत. माझ्या चन्नपट्टणच्या बाहुलीच्या मानाने ती इतकी जड होती की माझा हात किंचित खाली गेला. मी नेहमीच्या सवयीने लेथच्या रेघा शोधू लागले. त्या अर्थातच नव्हत्या. ती छिन्नीने कोरलेली होती.

"बोट ओले कर आणि हिच्या तळाला घास," तुम्ही म्हणालात. मी घासले. बोटाचे टोक तांबडे झाले.

त्या क्षणी मला साताऱ्याचे घर आठवले. देवघराच्या कोनाड्यात सहाणेशेजारी आजीची रक्तचंदनाची बाहुली असे. कुणाला मुका मार लागला, कुणाचा गाल सुजला, की आजी सहाणेवर चार थेंब पाणी टाकून ती बाहुली उगाळायची आणि तो गार, तांबडा लेप बोटाने लावायची. तिरुपतीच्या यात्रेहून कुणीतरी आणलेली ती बाहुली पायांकडून झिजत झिजत गुडघ्यांपर्यंत आली होती. आमच्या चार पिढ्यांच्या सुजा तिने उतरवल्या. मी तीस वर्षे ती पाहत आले होते, आणि माझ्याकडे बाहुल्या किती आहेत असे कुणी विचारले तर तिला कधीही मोजले नव्हते. ती आमच्या घरी औषध होती.

मी हे तुम्हाला सांगितले तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी त्याच रात्री वहीत उतरवून ठेवले आहे: "तुमच्याकडे तिला उगाळतात, आमच्याकडे तिला नटवतात. झाड एकच. तू बाहुली कशी केली ते विचारतेस. ती घरात काय करत होती, ते पण विचार ना." मग तुम्ही जरीच्या तुकड्यांचा डबा पुढे केलात आणि राणीला साडी नेसवायला मला बसवलेत. तीन बोटांच्या रुंदीच्या कापडाला निऱ्या घालताना माझा अर्धा तास गेला, आणि चिंध्यांच्या बाहुल्यांबद्दलचा माझा आकस त्या अर्ध्या तासात संपला.

रक्तचंदन मुख्यतः आंध्रातल्या पूर्व घाटाच्या दक्षिण भागात, तिरुपती-कडप्प्याच्या डोंगरांत वाढते, त्याच्या तोडीवर आणि व्यापारावर कडक निर्बंध आहेत, आणि म्हणून आता बाजारात मिळणाऱ्या अनेक मरप्पाची दुसऱ्याच लाकडाच्या, वरून तांबडा रंग दिलेल्या असतात, हे मला तुमच्यामुळे कळले. खऱ्या रक्तचंदनाचे लाकूड पाण्यात बुडते, हेही तुम्हीच परातीत दाखवलेत. पण त्याहून मोठी गोष्ट तुमच्या त्या प्रश्नाने झाली. म्हैसूरकडे दसऱ्यात मांडली जाणारी पट्टद गोंबे, म्हणजे राजा-राणीची सजवलेली लाकडी जोडी, हीसुद्धा मुलीला माहेरून लग्नात मिळते असे समजले आणि मी माझ्या थोरल्या आत्याला विचारले, की आपल्याकडे असे काही होते का. आत्या म्हणाली, "ठकी होती की!" ठकी, लाकडाची, ओबडधोबड, हात अंगालाच चिकटलेले. तिचे लग्न लावून द्यायचे, भातुकलीत जेवणावळ घालायची. ठकी हा शब्द मी लहानपणापासून ऐकला होता. तो एका बाहुलीचा शब्द आहे, हे मला एका तमिळ घरातल्या बाहुलीने शिकवले.

मातीच्या बाहुल्यांकडे मात्र मी एका अपराधातून वळले. पाचव्या वर्षी आवराआवर करताना तुमच्या गोलूतल्या चेट्टियाराचा, म्हणजे मातीच्या वाण्याचा, तराजू माझ्या हातून मोडला. तमिळनाडूतल्या पन्रुट्टीचा तो जुना चेट्टियार, पोट सुटलेला, कपाळावर भस्माचे पट्टे, शेजारी त्याची बायको, आणि पुढ्यात दरवर्षी तुम्ही वाट्यांतून मांडत असलेले खरे तांदूळ, तूरडाळ, गूळ आणि सुक्या मिरच्या. मोडलेल्या जागी आतली माती दिसत होती आणि तिच्यावर साच्यात माती दाबताना उमटलेला कारागिराच्या अंगठ्याचा ठसा होता. माझे डोळे भरून आले होते. तुम्ही रागावला नाहीत. तो ठसा मला नीट पाहू दिलात आणि मग तराजू डिंकाने चिकटवलात. पुढच्या वर्षापासून चेट्टियार जरासा तिरका बसू लागला, म्हणजे जोड दिसू नये. लेथवर कारागिराच्या हाताची खूण पुसली जाते. मातीच्या पोटात ती राहून जाते. पुढे बंगालमधल्या कृष्णनगरला गेले, तेव्हा घूर्णीच्या कारागिरांच्या घरी मी आधी बाहुलीचा तळ पाहिला आणि मग चेहरा.

आणि मग आरास. मामी, हे मी तुम्हाला कधी नीट सांगितले नाही. चैत्रात आमच्याकडे गौर बसते. पायऱ्या मांडायच्या, वर झोपाळ्यात गौर, खाली घरात असेल नसेल ती खेळणी आणि बाहुल्या. बायकांना हळदीकुंकवाला बोलवायचे, कैरीची डाळ आणि पन्हे द्यायचे, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरायची. तुमच्याकडे पायऱ्या, बाहुल्या, हळदीकुंकू आणि हरभऱ्याचे सुंडल. मी दोन्ही घरी वर्षानुवर्षे हरभरेच खात होते आणि दोन्हींचा संबंध मला दिसला नव्हता. आमच्या मुलांचा दिवाळीतला किल्लासुद्धा याच कुळातला मला आता वाटतो. त्यावरच्या मातीच्या मावळ्यांमध्ये गवळण आणि वाणी का असतात, हे मला चेट्टियाराने समजावले: देवाचा असो की राजाचा, दरबार मांडला की त्याच्याबरोबर सगळे गाव मांडावे लागते.

मागच्या हिवाळ्यात दिल्लीला शंकर यांनी 1965 साली उभारलेले बाहुल्यांचे संग्रहालय पाहिले. व्यंगचित्रकार शंकर यांचा हा संग्रह हंगेरीच्या राजदूतांनी मुलांच्या स्पर्धेसाठी बक्षीस म्हणून दिलेल्या एका बाहुलीपासून सुरू झाला. काचेपलीकडे देशोदेशीच्या बाहुल्या होत्या, आणि मी जपानच्या कपाटापुढे नेहमीसारखी कोकेशी शोधत थांबले नाही. प्रत्येकीपुढे मनात तुमचा प्रश्न विचारत गेले. ही लग्नात मिळाली असेल का? हिला मूल घेऊन झोपत असेल का? ही वर्षातून नऊच दिवस बाहेर निघत असेल का? संग्रहालय बंद व्हायची वेळ झाली तरी माझे अर्धेच पाहून झाले होते.

इतक्या वर्षांत तुम्ही मला एकही बाहुली विकत घे म्हणाला नाहीत, एकही माझ्याकडून मागितली नाहीत. पेटी उतरवायला बोलावलेत, कापूर आणि सुके कडुलिंबाचे पान घालून गुंडाळायला शिकवलेत, दसऱ्याच्या रात्री एका बाहुलीला आडवे करून निजवण्याचा मान दोनदा माझ्या हाती दिलात. तुमच्या स्वतःच्या लेकी दूर होत्या हे खरे, तरी परक्या घरच्या मुलीला तुम्ही आपल्या पेटीच्या तळापर्यंत हात घालू दिलात. याचे आभार कोणत्या शब्दांत मानावेत हे मला अजून उमगलेले नाही. मनापासून मानते एवढेच खरे.

तुम्ही दिलेले बोचके मी त्याच संध्याकाळी उघडले. चेट्टियार आणि त्याची बायको, डिंकाच्या जोडासकट. यंदा चैत्रात तृतीयेच्या दिवशी दोघांना आमच्या आराशीत खालच्या पायरीवर बसवले, पुढ्यात तांदूळ, तूरडाळ, गूळ आणि मिरच्या ठेवल्या, तराजूची बाजू भिंतीकडे केली. साताऱ्याहून आजीची बाहुली आणली होती. ती गुडघ्यांवर उभी राहत नाही, म्हणून वाटीभर तांदळात रोवून तिला वरच्या पायरीवर ठेवले, आणि तुमच्या डब्यातल्या निळ्या जरीच्या तुकड्याची साडी नेसवली. हळदीकुंकवाला आलेल्या शेजारच्या काकूंनी विचारले, "अगं, औषधाच्या बाहुलीला साडी कशाला?" तेव्हा मी त्यांना बसवून घेतले, हातावर हरभरे ठेवले आणि तुमच्या पेटीपासून सगळे सांगितले.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी कोइमतूरला पोचते आहे. पेटी मी येईपर्यंत उघडू नये, ही विनंती.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची