पार्किंगमध्ये गेलेली दहा मिनिटं

सातारा,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुन्या,

तुझा मेसेज वाचला. ‘गेल्या दहा-बारा वर्षांतले कुठले मराठी सिनेमे आपली पोरं म्हातारपणी बघतील? पाच नावं दे. मिसळीची पैज.’ फोनवर उत्तर द्यायला बसलो तर भांडण त्यात मावेना, म्हणून कागद घेतला. पाच नावं मात्र मिळायची नाहीत, आधीच सांगतो.

पहिल्यांदा एक कबुली. एप्रिल २०१५, पुणे, दुपारचा शो, आपण दोघं धरून हॉलमध्ये चौदा-पंधरा डोकी. ‘कोर्ट’, एका शाहिरावरच्या खटल्याचा सिनेमा. कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागते, खोली रिकामी होते, दिवे जातात, दार लागतं आणि पडदा काळाठिक्कर. मी उठलो, पायानं चपला चाचपल्या आणि गाडी काढायला पार्किंगमध्ये गेलो. तू दहा मिनिटांनी आलास. मला वाटलं, बाथरूमला गेला असशील. तेव्हापासून दहा वर्षं मी तुझ्याशी हुज्जत घालतोय की या सिनेमाला शेवटच नाही. आणि तू दरवेळी म्हणायचास, ‘शेवट तर जबरदस्त आहे.’ मला वाटायचं, तू त्या अंधाराबद्दलच बोलतोयस!

तो परत बघायचं कारण सिनेमाचं नव्हतंच. आमच्या शेताच्या वाटणीचा दावा तुला माहीत आहे. मार्चमध्ये माझी उलटतपासणी झाली. सकाळी साडेदहापासून बाकावर, पुकारा झाला पावणेचारला. समोरच्या वकिलानं विचारलं, वडील आजारी असताना जमीन कोण कसत होतं? मी आपला मनापासून सांगायला लागलो. विहिरीची मोटर कधी जळाली, चुलत्यानं पाणी कसं तोडलं, आईनं पाटल्या कशा मोडल्या. साहेबांनी ऐकून घेतलं आणि स्टेनोला सांगितलं, ‘वडिलांच्या आजारपणात जमीन मी कसत होतो, हे म्हणणे खरे आहे.’ झालं. एक ओळ. आईच्या पाटल्या गेल्या. खाली सही केली आणि पुढची तारीख घेऊन घरी आलो.

त्या रात्री झोप येईना, म्हणून ‘कोर्ट’ लावला. त्यात गटारात उतरून मेलेल्या कामगाराची बायको साक्ष देते, आठवतं? ती सांगते तेही असंच ओळी-ओळीनं टायपिस्टकडे जातं. २०१५ साली मला तो सीन संथ वाटला होता. या वेळी तो भराभर चाललाय असं वाटलं. सरकारी वकीलबाई कलमं वाचून दाखवते त्याचा २०१५ला मला वैताग आला होता. आता तिचं घरी जाऊन स्वयंपाकाला लागणं बघूनच धसका बसला. ती खलनायिका नाही रे, शिफ्ट संपलेली बाई आहे. आणि तो शाहीर, नारायण कांबळे, झालेले वीरा साथीदार २०२१च्या एप्रिलमध्ये कोविडनं गेले, हे माहीत असताना त्यांची शाहिरी ऐकवत नाही.

मग अंधार झाला. मी आपसूक उठायला लागलो. आणि पुढे सिनेमा चालूच! जजसाहेब सहलीला निघालेत, रिसॉर्टवर कुणाच्या तरी मुलाला नाव बदला, अंगठी घाला असा सल्ला देतायत, बाकावर डुलकी काढतायत. पोरं ओरडून त्यांना उठवतात, एकाला थोबाडीत बसते, साहेब परत डोळे मिटतात. हा तो शेवट. दहा वर्षं मी ज्याच्याविरुद्ध बोललो तो. तर सुन्या, ‘कोर्ट’ राहणार. लिहून घे. मिसळ मी देतो.

आता तुझं लाडकं सुवर्णकमळ, सर्वोत्कृष्ट सिनेमाचं राष्ट्रीय पारितोषिक. मोजून बघ, मराठीला पाच मिळाली: ‘श्यामची आई’, मग थेट पन्नास वर्षांनी ‘श्वास’, नंतर ‘देऊळ’, ‘कोर्ट’, ‘कासव’. यातला ‘कासव’ किती जणांनी बघितलाय? माझ्या ऑफिसात विचारलं तर एकानंही नाही. सिनेमा वाईट म्हणून नव्हे, समोर आलाच नाही म्हणून. उलट ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८चा. तो आला तेव्हा कुणी त्याला अभिजात वगैरे म्हटलं असेल असं मला वाटत नाही. पण टीव्हीनं तो इतक्यांदा दाखवला की आमची ओवी दार वाजवताना अजून ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ असं ओरडते. ती अकरा वर्षांची आहे. मला वाटतं, सिनेमा अभिजात होतो त्यात निम्मा हात त्या रविवारच्या दुपारचा असतो. आता ती दुपारच राहिली नाही. ज्याचा त्याचा मोबाईल आणि ज्याचा त्याचा सिनेमा.

म्हणूनच ‘द डिसायपल’बद्दल, त्या शास्त्रीय गाणं शिकणाऱ्या पोराच्या सिनेमाबद्दल, धाकधूक वाटते. व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेचं पारितोषिक, सगळं खरं, पण तो आला तो थेट घरातल्या पडद्यावर. त्यात नायक ज्यांची रेकॉर्ड केलेली भाषणं ऐकत असतो, त्या माईंचा आवाज ‘कासव’वाल्या दिग्दर्शिका सुमित्रा भाव्यांचा आहे. त्या गेल्या १९ एप्रिल २०२१ला आणि सिनेमा आला ३० एप्रिलला. रात्री मोकळ्या रस्त्यावर मोटारसायकल आणि वर तो आवाज. हे मोठ्या पडद्यावर बघायला मिळालं नाही, याची रुखरुख आहे.

‘सैराट’वर तू भांडणार, ठाऊक आहे. शंभर कोटींच्या वर धंदा करणारा पहिला मराठी सिनेमा, कोण विसरेल? पण मागच्या महिन्यात आमच्याकडे एका लग्नात वरातीत ‘झिंगाट’ वाजलं, आणि नवरदेवाचे काका मला कौतुकानं सांगत होते, ‘मुलगी आपल्यातलीच बघितली.’ लोकांनी गाणं ठेवून घेतलं आणि जातीबाहेर लग्न केलेल्या त्या दोघांच्या खुनानंतरची रक्ताची पावलं परत केली. ‘फँड्री’तून असं काही उचलून नेता येत नाही. जातीवरून हिणवलेल्या जब्याचा दगड आपल्याच दिशेनं येतो आणि तिथंच पडदा काळा. त्यामुळे माझं मत ‘फँड्री’ला. मुलगी बघण्याच्या कार्यक्रमांवरच्या ‘स्थळ’लाही अर्धं, बहिणीसोबत बघितला, ती अर्ध्या तासानं म्हणाली, ‘हे माझंच आहे,’ आणि पुढे गप्प.

आणि एक जुगार: ‘साबर बोंडं’. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवाचं पारितोषिक बाजूला ठेव. बाप गेलाय, सुतकाचे दहा दिवस, गावातले नातेवाईक पोराला विचारतायत लग्न कधी करतोस, आणि पोराचा जीव जडलाय बालमित्रावर. सगळ्या सिनेमाभर पार्श्वसंगीत नाही, कुणी आकांडतांडव करत नाही. दादा गेले तेव्हा ते दहा दिवस मी अनवाणी काढलेत. माणसं येतात, बसतात, मध्येच तुझ्या पगाराची चौकशी करतात, ते सगळं तसंच्या तसं आहे. मी बघितला तेव्हा थिएटरात आम्ही नऊ जण होतो. ‘कोर्ट’लाही चौदा-पंधराच होतो, नाही का?

डिसेंबरात येतोयस ना? मिसळ खाऊ, पण आधी मला सांग, त्या दिवशी तू खरंच शेवटपर्यंत बसला होतास की बाथरूमलाच गेला होतास?

तुझा,
अव्या

ता. क. : दाव्याची पुढची तारीख १६ जानेवारी आहे.