बुंध्यात पाईप सोडून झाड जगत नाही

मा. संपादक, स.न.वि.वि.

आमच्या गल्लीतला कडुलिंब वडिलांच्या वेळचा. तीन वर्षांपूर्वी पेव्हर ब्लॉक बसवले, अगदी बुंध्याला चिकटवून, वीतभर आळं तेवढं ठेवलं, तेव्हापासनं तो शेंड्याकडून वाळत चाललाय. मे महिन्यात टँकर आला, पोरानं पाईप त्या वीतभर आळ्यात सोडला नि अर्धं पाणी गटारात. मी म्हटलं इथं नको रे, तर म्हणतो, "मग काय शेंड्याला घालू का काका?" त्याचं तरी काय चुकलं म्हणा, आपण सगळे तेच करतो.

बुंध्याजवळची जाड मुळं झाडाला धरून ठेवायला. पाणी पितात ती टोकाकडची बारीक मुळं, तासगावचे द्राक्षवाले जिला पांढरी मुळी म्हणतात ती. ही पसरते फांद्यांच्या घेराखाली आणि त्याच्याही बाहेर, बरीचशी वरच्या दीड-दोन फुटात, म्हणजे नेमकी ब्लॉकखाली. तिला हवा पण लागते. वापसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही, नसला की पाणी साचलेल्या रानात उभी बाग सुकते हे इथल्या कुठल्याही बागायतदाराला विचारा, मग रोलरनं दाबलेल्या मुरमात कसला आलाय वापसा.

आणि ओढायचं काम पानांचं. पानांच्या बारीक छिद्रांतनं वाफ गेली की खोडातली पाण्याची अखंड तार खालनं वर ओढली जाते. आपली विहिरीच्या काठावरची मोटर दहा मीटरच्या वर पाणी ओढू शकत नाही, झाड पंधरा-वीस मीटर सहज चढवतं, बिनलाईटचं! घेतलेल्या पाण्यातलं शंभरातलं पंच्याण्णव तर वाफच होतं, म्हणून लिंबाखाली गार वाटतं. खाली पाणी मिळेना की पान छिद्रं मिटतं, अन्न पण कमी बनतं, झाड वाळतं आणि लोक म्हणतात कीड लागली.

भोसे गावचा जुना वड वाचवायला २०२० मध्ये हायवेची आखणी बदलली, आपल्याच जिल्ह्यात. आमचं मागणं त्यामानानं किरकोळ आहे. बुंध्याभोवतीचे चार-चार फूट ब्लॉक काढा, पाला जाळू नका तिथंच पसरा, आणि दुपारी बाराची सावली जिथं संपते त्या कडेला दोन-चार ठिकाणी ब्लॉक उचकटून पाणी तिथं सोडा. तिथं सध्या मोटारसायकली लागतात. त्या आमच्याच आहेत, हलवतो.

एक वाचक, सांगली