खालच्या विभागांनाही जागा द्या

संपादक महोदय,

आपल्या क्रीडापानावर इंग्लंडचे बडे फुटबॉल क्लब रोज असतात, तिथल्या लीगच्या खालच्या विभागांची ओळही नसते. फॉरवर्ड डियॉन डब्लिनचेच पाहा. १९८८ मध्ये नॉर्विच क्लबने मुख्य संघातून एकही सामना न देता सोडल्यावर तो केंब्रिज युनायटेडकडे गेला. १९९० मध्ये लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर, बढती ठरवणाऱ्या अंतिम सामन्यात, चेस्टरफिल्डविरुद्धचा एकमेव गोल त्याचाच, आणि केंब्रिज चौथ्या विभागातून वर! १९९२ मध्ये मँचेस्टर युनायटेडने त्याला १० लाख पौंडांना घेतले. हेडरने गोल करणारा हा उंच गडी पुढे बचावफळीतही खंबीरपणे उभा राहिला. शाहू स्टेडियमवर मी बॅक खेळायचो. ऐनवेळी फॉरवर्डला जा म्हटले की पोटात गोळा यायचा. म्हणून त्याचे मोल मला कळते. अशा खेळाडूंसाठी रविवारी अर्धा रकाना तरी द्यावा, ही कळकळीची विनंती.

एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर